मामांच्या पंपाचं पेट्रोल

त्या सकाळी बाबांनी मोटारीत पेट्रोल भरलं आणि दोन थेंब तळहातावर चोळले. पेट्रोल उडालं, रॉकेलचा तेलकटपणा उरला. पंप मामांचा होता. "अवो, माह्या भावाले काई म्हनू नोका," आई म्हणाली, "माहं माहेर तुटन." बाबांनी नेहमीसारखे पैसे चुकते केले आणि मोटार घरी आणली. दुसऱ्या दिवशी आईच्या छातीत कळ आली. अकोल्याच्या दवाखान्यात नेताना पातूरच्या घाटात चढावर ठोके देत देत इंजिन बंद पडलं. आईनं माझ्या मांडीवर प्राण सोडला. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मामा रीतीप्रमाणे सुतकातल्या घराला माहेरचं जेवण, कडू घास, घेऊन आले. सर्वांसमोर बाबांना म्हणाले, "जवाई, हे खटारं कवाच भंगारात घालाले पाह्यजे होतं." "मोटार धड होती, मामा," मी म्हणाले. "तुमी मिसळलेल्या रॉकेलानं चढावर बंद पडली. आईनं मरेपर्यंत तुमाले झाकलं. मी नाई झाकनार."