भरतीची वेळ

परवा जावयाची पुण्याची गाडी बोरीबंदरावरून सकाळी दहाला सुटली होती. म्हणून आज समुद्रात मचवा हाकणारा रेवदंड्याचा तांडेल नझीर बायको बानूला घेऊन तिथं बरोबर साडेअकराला हजर झाला. लेकीचे दिवस भरले होते, चुकून चालणार नव्हतं.

"गाडी कवाच गेली, चाचा," हमाल म्हणाला. "दहाला. आता दुसरी दोनला."

"दहाला परवा व्हती. भरती रोज दोन घटका, पाऊन तास पुढं सरते."

"गाडी न्हाय सरत. रोज दहालाच."

"अवसेला पन?"

"अवसेला पन."

नझीरनं मान वर करून त्या भल्यामोठ्या घड्याळाकडं पाहिलं. मशिदीत शिरताना सावरावी तशी टोपी सावरली आणि हळूच म्हणाला, "बानू, हितली मानसं चांदाला न इचारता निघतात."