हिरवं झाकण

“झाकण इथं ठेव. आनि लांब उभा ऱ्हा,” बुधाजी म्हणाला.

अंकुशनं टॅक्सीच्या इंजिनावरचं टॅपेट कव्हर सासऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि चार पावलं मागं सरला. दोन नट खोलले की ते निघायचं. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी बुधाजी ते कोन गावातल्या या घरच्या अंगणात आणून स्वतःच्या हातानं हिरवं रंगवायचा आणि पूजेला त्यालाच कुंकू लावायचा. यंदा रंगाचा डबा अजून उघडला नव्हता. म्हातारा रॉकेलच्या फडक्यानं झाकण पुसत होता आणि जावयाकडे गिळू का खाऊ असं बघत होता.

बुधाजी तीन महिने दवाखान्यात होता, तेव्हा टॅक्सी अंकुशच चालवायचा. जीव वाचला, पण औषधांनी कान गेले. कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं. घरी आला तर टॅक्सी निळा धूर सोडताना दिसली. पनवेलच्या स्टँडवरच्या काशिरामनं हातवारे करून सांगितलं, की चढावर ती आता दम टाकते. झालं. म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच बसलं, की जावयानं आपलं इंजिन विकलं आणि भंगारातलं आणून बसवलं.

“पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मामा!” अंकुश पुढं येऊन त्याच्या कानात ओरडला. “गाडीच्या पुस्तकातला इंजिनाचा नंबर तरी जुळवून बघा!”

“नंबर ठोकून देनारे पैशाला पासरी हायत. चोराला नंबर काय जड?”

घरजावयाला चोर म्हणणं फार सोपं. रागावून निघून जायला त्याला दुसरं घर नसतं. अंकुश पंधरा दिवस हा शब्द गिळत होता. आजही गिळला.

बुधाजीनं पॉलिश पेपर हातात घेतला. “या रंगाखाली माजी खूण हाय. ती निघाली तर गाडी तुज्या नावावर. नाय निघाली तर आजच बोचकं उचलायचं. माजी लेक आडवी आली तरी मी ऐकनार नाय.”

त्याची लेक माधुरी ओटीवर तांदूळ निवडत होती. ती सूप बाजूला ठेवून खाली आली आणि बापाच्या कानाशी वाकली.

“बाबा, यांनी आपल्या मनानं गाडीचा एक खिळा पन हलवला नाय. माजी शप्पत.”

“तू नवऱ्याचंच बोलनार.”

“मानसापरीस झाकनावर भरवसा तुमचा.”

“हाय! या इंजिनानं कदी दगा दिला नाय मला.”

“नाय दिला,” माधुरी सरळ उभी राहत म्हणाली. “आई गाडीची वाट बघत गेली त्या दिवशीपन नाय दिला. उरणचं भाडं अगदी वेळेवर पोचलं होतं.”

हे ती ओरडून बोलली नव्हती. बुधाजी मान खाली घालून घासत राहिला. ती परत ओटीवर जाऊन बसली.

हिरव्याखाली हिरवा निघाला, त्याच्याखाली आणखी हिरवा. किती वर्षांचे थर होते ते! बुधाजीला धाप लागली. बोटाचं साल निघालं. अंकुशला राहवलं नाही.

“द्या, मी घासतो.”

“हात तोडून ठेवीन!”

ऊन पायरीवर आलं तेव्हा पत्रा दिसायला लागला. एका कोपऱ्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यातही नव्हतं. बुधाजीनं जावयाकडे बघितलं. त्या नजरेत राग होताच, पण राग खरा ठरतोय याचं समाधानही होतं.

तिसऱ्या कोपऱ्यात बुधाजीचा हात थांबला.

खिळ्यानं ठोकलेले बारीक ठिपके. ठिपक्याला ठिपका जोडत गेलं की ‘मा’ दिसत होता.

“माधुरी जलमली त्या साली ठोकला,” बुधाजी पुटपुटला. “कुनाला दावला नाय. भामालापन नाय.” मेलेल्या बायकोचं नाव त्याच्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघालं. ठिपक्यांवरून तो अंगठा फिरवत राहिला, आंधळ्यानं अक्षर वाचावं तसा.

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि जावयाच्या पायाशी ठेवली.

“मामा, हे काय!” अंकुश दोन पावलं मागं हटला. त्याला खरंच रडू फुटलं.

“चोर मी. तुज्यावर आळ घेतला.” बुधाजीनं रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि जावयाच्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्यानं तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता. “पातळ हात मार. दुसरा हात पयला सुकल्यावर.”

रंगवलेलं झाकण माधुरीनं चुलीच्या वैलावर ठेवलं. हलक्या आचेवर रंग पक्का धरतो, हे तिला बापानंच शिकवलं होतं. ते तापताना बुधाजी तिच्याशेजारी उकिडवा बसला.

“तू सांगत व्हतीस, मीच ऐकलं नाय. माजी लेक माज्याशी खोटं बोलनार नाय, एवढं तरी मला कळाया पायजे व्हतं.”

“जाऊ दे, बाबा,” माधुरी त्याच्या कानात म्हणाली.

दुपारी बुधाजीनं कनवटीची गाडीची किल्ली काढून अंकुशच्या तळहातावर ठेवली आणि कितीतरी दिवसांनी ओटीवर आडवा होऊन घोरायला लागला.

अंकुशनं झाकण इंजिनावर बसवलं. दोन्ही नट आवळले. माधुरी कुंकवाची वाटी घेऊन आली, बॉनेटखाली वाकली आणि नव्या हिरव्या रंगावर कुंकवाचं बोट टेकवलं. अंकुशनं तिच्याकडे बघितलं नाही. श्रावणात, आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, टेंपो तिनंच बोलावला होता, आणि बापाचं इंजिन त्यात चढवण्याआधी तीच म्हणाली होती, “दोन नट खोला. झाकन तेवढं ठेवून घ्या.”