स्कीइंगची तयारी

दुपारच्या शांततेत फडताळातल्या कपबशा किणकिणल्या. मी व्हायब्रेशन मशीनवर चढले होते. मैत्रिणींबरोबर स्कीइंगला जायचं, तर पायांत बळ नको का?

सासूबाई धावत येऊन कपबशा धरत म्हणाल्या, "जागच्या जागी हलून कुणी घसरायला शिकतं का गं? महिनाभरात तुझ्याआधी या कपबशाच तंदुरुस्त झाल्यात. जा तू बिनघोर, पोर राहील माझ्यापाशी."

"तिचं काय, मजेत राहील," मी म्हणाले. ती जन्मल्यापासून एक रात्रही मी तिच्याविना काढली नव्हती.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. मी लेकीला कडेवर घेऊन घट्ट धरलं. तिने माझ्या खांद्यावरून खोलीत डोकावून पाहिलं.



"आई, मशीन तर बंद आहे. मग तू का हलतेस?"