बा, बा, बा, दा

तारांची ओली टोपी डोक्यावर चढली तशी अपेक्षाने रडायला तोंड वाकडं केलं, पण समोरच्या पडद्यावर एक ससा उड्या मारायला लागला आणि ती रडायचं विसरली. सशाचा आवाज बंद ठेवला होता. बाजूच्या स्पीकरमधून वेगळंच काही येत होतं. बा, बा, बा, दा. बा, बा, दा.

पालघरच्या दवाखान्यातल्या त्या लहानशा खोलीत तिचा बाप, प्रफुल्ल, भिंतीला टेकून उभा होता. मासेमारीची बोट भावावर सोपवून तो जवळच्या माहीम गावाहून बायकोमुलीला घेऊन आला होता. बालवाडीतल्या सगळ्याच पोरांची ही तपासणी होती, म्हणून आला. नेमकं काय तपासतात ते त्याला कळलं नव्हतं.

तपासणाऱ्या भावना मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "घरात कुणाला लहानपणी वाचायला-लिहायला जड गेलं होतं का?"

"नाय," तो झटक्यात म्हणाला होता. त्याची बायको हेमांगी पोरीची वेणी सोडत होती. तिने मान वर केली नव्हती.

टोपी निघाली. मॅडम बराच वेळ आपल्या पडद्यावर पोरीच्या मेंदूच्या रेषा बघत बसल्या.

"कान चांगले आहेत हिचे. पण 'बा'चा 'दा' झाला की मेंदूने ते चटकन टिपायला हवं. हिची रेषा तिथे फारशी हलत नाही."

"म्हणजे ढ निघाली?"

"नाही हो. हुशारीचा काही संबंध नाही याच्याशी. अशा काही मुलांना पुढे अक्षराला आवाज जोडायला त्रास होतो. होईलच असंही नाही. एवढ्या रेषेवरून मी काही ठरवणार नाही. घरात आधी कुणाला तसा त्रास असता, तर मात्र आजच आवाजांच्या खेळांच्या वर्गात घेतलं असतं तिला. शाळेआधी सुरुवात झालेली बरी. पण तुमच्याकडे तसं कुणी नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

आणि त्या यंत्र बंद करायला वळल्या.

प्रफुल्ल तिथेच उभा राहिला. चौथीत मास्तरांनी त्याला धडा वाचायला उभं केलं होतं. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो बापाबरोबर दर्यावर जायला लागला. तेव्हापासून बँकेत गेला की तो चष्मा घरी विसरला असं सांगायचा. चष्मा त्याला नव्हताच. हेमांगी बारावी शिकलेली. तिला हे कळू द्यायचं नाही, एवढं त्याने लग्नापासून जपलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला. "हाय. घरात हाय."

"कुणाला?"

"मला. वाचायला येत नाय मला. मास्तरांनी लय मारलं, तरी नाय आलं."

भावना मॅडमना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून आणा हिला."

बाहेर बाकावर बसून हेमांगी पोरीच्या केसांतला टोपीचा चिकट लेप पदराने पुसत होती. तिच्याकडे न बघता प्रफुल्ल म्हणाला, "तुला आदी सांगायला पायजे होतं."

"मला ठावं हाय."

"कवापासून?"

"आपली बोट रंगवली तवापासून. पेंटरनं 'हेमांगी'च्या जागी 'हेमागी' लिवलं होतं. नारळ फोडायच्या आदल्या दिवशी तुमी मला बोललात, बघ, कसं दिसतं तुजं नाव!"

नारळ फोडला तो दिवस प्रफुल्लला लख्ख आठवत होता. अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं होतं.

"मंग बोलली का नाय?"

"लय खूश होतात तुमी."

अपेक्षा बाकावरून खाली उतरली आणि सशासारख्या उड्या मारत दाराकडे गेली. प्रफुल्ल हेमांगीकडे वळला.

"आन गावातलं कुणी हसलं कसं नाय?"

हेमांगीने पदर झटकला.

"हसणार होते. मी आदल्या सांजेला घराघरांत जाऊन, कुणी हसायचं नाय, असं सांगून आले होते."