कमरेचं पुडकं

"पिशवी उघडा," रखवालदार म्हणाला, आणि टोपलीवालीचा एक हात नकळत कमरेकडे गेला.

पिशवीत भ्यायसारखं काही नव्हतं. साहेबांना दाखवायला आणलेल्या दोन टोपल्या आणि बांबूच्या कामट्या काढायचा कोयता. रखवालदाराने कोयता तेवढा काढून ठेवला. "हत्यार आत न्यायचं नाही, मावशी." भीती होती ती कमरेला. लुगड्याच्या आत, फडक्यात गुंडाळलेलं एक पुडकं तिने खोचलं होतं, आणि त्याच्या हाताने आता कमरेकडे वळू नये म्हणून ती जीव मुठीत धरून उभी होती.

"जा आत," तो म्हणाला.

पुडक्यात तीन कागद होते. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येकावरचा अंगठा ती ओळखत होती. दोन सासऱ्याचे, एक नवऱ्याचा. डोंगरावर बांबू तोडताना वनखात्याने पकडलं, त्या वेळचे जप्तीचे कागद. सासरे सहा महिने आत बसून आले होते. असे कागद वस्तीतल्या घराघरात आले होते आणि घराघरातून चुलीत गेले होते. गुन्ह्याचा कागद कोण जपून ठेवतो? तिच्या नवऱ्याने मात्र मरताना सांगितलं होतं, "सांभाळ, पण कुणाला दाखवू नकोस." का सांभाळायचं, ते सांगायला त्याला वेळ मिळाला नाही. घरी ठेवावं तर झडतीची धास्ती. म्हणून ती जाईल तिथे हे लचांड कमरेला घेऊन जायची. आज तर थेट वनखात्याच्या कचेरीत, वाघाच्या गुहेत घेऊन आली होती.

खोलीत लांबलचक टेबल होतं. टेबलामागे साहेब, बाजूला कारकून, आणि समोर कागदाच्या गिरणीचा वकील. तिचा धाकटा दीर वस्तीच्या वतीने बोलत होता. घरी त्याचं तोंड बंद करायला दोन माणसं लागत. इथे तो एकेक शब्द जुळवत होता.

"साहेब, चार पिढ्या आम्ही त्याच डोंगरावरचा बांबू आणतो. त्याच्यावरच आमची घरं चालतात. सोमवारी तिथे गिरणीचं कुंपण पडलं, तर आमच्या हातांनी करायचं काय?"

"कागद आहे का एखादा?" साहेबांनी विचारलं.

"आमचा धंदा हाताचा, साहेब. कागदाचा नाही."

वकील हसला. "साहेब, ही वस्ती परवा-परवाची. यांच्या बापजाद्यांनी त्या डोंगरावर कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. आणि यांना मोकळं सोडलं, तर दोन वर्षांत बांबूचं एक बेट शिल्लक ठेवणार नाहीत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आता काय लिहिलं जाणार, हे कळायला वाचता यावं लागत नाही.

टोपलीवालीचे पाय लटलट कापत होते. पण भीतीच्या खालून आणखी काहीतरी वर येत होतं. सासरे सुटून आले होते, तेव्हा त्यांचे हात असेच कापत होते. त्या कापत्या हातांनी ते दुसऱ्याच दिवशी डोंगरावर गेले होते. आणि हा माणूस म्हणतो, ते कधी गेलेच नाहीत!

ती उठली.

"वहिनी, बसा," दीर पुटपुटला.

तिने पुडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. दिराच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो वहिनी, हे जाळलं नव्हतंत?"

"चोर म्हणा साहेब," ती म्हणाली. "सासरे चोर, नवरा चोर, मीपण चोर. पण आम्ही तिथे नव्हतोच, असं म्हणू नका."

आणि तिने बेड्यांसाठी दोन्ही मनगटं पुढे केली.

साहेबांनी सगळ्यात जुना कागद उलगडला. घडीवर तो फाटत आला होता. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, मग कारकुनापुढे धरला. "शिक्का आपल्याच खात्याचा ना?"

"आपलाच, साहेब. साठ वर्षांपूर्वीचा आहे."

झालं, ती मनात म्हणाली. आता दिरालाही धरतील, मग घरी कोण निरोप देणार? तिने डोळे घट्ट मिटले. वकिलाची खुर्ची खुशीत करकरली.

साहेब मोठ्याने वाचू लागले. "आरोपी हा सराईत बांबूचोर असून त्याचा बाप व आजा हेही याच डोंगरावर हाच धंदा करीत आले आहेत. हे लोक जून बांबू तेवढाच तोडतात व कोंब राखतात. त्यामुळे बेट होते तसेच दिसते आणि चोरी वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही."

वकिलाची खुर्ची करकरायची थांबली.

"हात खाली घ्या, बाई," साहेब म्हणाले. मग त्यांनी तिन्ही कागद कारकुनाकडे सरकवले. "लिहा. वस्तीच्या हक्काचा पुरावा, क्रमांक एक."