एक्केचाळिसावा शब्द

मुद्रितं तपासण्यात मावशीचे केस पिकले होते. शब्दकोड्यांच्या पुस्तकासाठी तिने 'ए' आणि 'आर' ही अक्षरं असलेले पाचअक्षरी इंग्रजी शब्द अर्थासह वहीत उतरवले. 'हार्ट' म्हणजे हृदय, 'क्रेन' म्हणजे करकोचा, असे मोजून चाळीस.

सवयीप्रमाणे ती खालून वर तपासू लागली, तर तळाशी एक्केचाळिसावा! असा शब्द कुठल्याच कोशात नव्हता. पुढे अर्थ होता : मागे उभा राहून वाचणारा.

"हे मी लिहिलेलं नाही."

"अक्षर तर तुझंच आहे, मावशी," समोर टाइप करत बसलेली भाची हसली.

मावशीने पान टराटरा फाडलं आणि यादी पुन्हा लिहिली. तळाशी पुन्हा तोच शब्द.

"माझ्याशी गाठ आहे म्हणावं!"

भर दुपारच्या लख्ख उजेडात, वहीवरची नजर न हलवता, तिने तिसऱ्यांदा चाळीस शब्द लिहिले. या वेळी तळ कोरा राहिला.

"बघितलंस?" म्हणत तिने पान उलटायला हात घातला.

भाचीची बोटं थांबली होती. ती मावशीच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"थांब मावशी," ती हळूच म्हणाली, "त्यांचं वाचून व्हायचंय अजून."