दुसरं क्लॅरिनेट

"आता येते, आयक!" डोमाजींनी मोबाइल शेजारच्या ताराबाईंच्या कानाला लावला. "हे! हे वाजवून राहिली ते माही दामिनी!"

ओसरीत बॅग भरत बसलेल्या दामिनीचा हात तिथेच थांबला. मोबाइलमधून क्लॅरिनेटची धून अंगणात आली. उंच, गोड, ऐकणाऱ्याचा जीव ओढून घेणारी. आणि ती धून दामिनीची नव्हती.

मुंबईच्या त्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवणारे ऐंशी, त्यात क्लॅरिनेटवाले दोघं. धून असते पहिल्याची. दामिनी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून दुसरं क्लॅरिनेट वाजवते. खालचे, लांबलांब सूर, तेही धुनेला आधार म्हणून. सहा वर्षांपूर्वी हे रेकॉर्डिंग तिनेच पाठवलं होतं, फक्त आपलं कोणतं ते सांगायचं राहून गेलं. आणि इकडे बाबांनी अख्ख्या शहापूरला भलत्याच माणसाला आपली पोरगी म्हणून ऐकवलं की! बाबांनी स्वतः जन्मभर लग्नाच्या बँडात वाजवलेलं. पण ऐंशी जणांच्या त्या गर्दीत त्यांचाही कान फसला असेल, असं तिला वाटलं.

"बाई बाई, काय वाजवतेस वं पोरी!" ताराबाई म्हणाल्या. "मोबाइलमधी कायले? आता समोरच वाजव न."

"चारची बस आहे, काकू."

"बस काही पळून नाही जाऊन राहिली."

दामिनीने बाबांकडे पाहिलं. ते खाटेवर सरकून बसले. बाबांनी आपल्याला एकदा ऐकावं, एकदाच, एवढंच तर तिला सहा वर्षं हवं होतं. दर कार्यक्रमाला दिवे मंद व्हायच्या आधी ती शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवायची. येणार नाहीत हे ठाऊक असायचं, तरी फिरवायची. कधी धान कापणीला आलेलं, कधी म्हैस व्यालेली, कधी गुडघे दुखलेले. बाबांना कारणांची कमी कधीच पडली नाही.

आज ते समोर होते. पण वाजवायचं काय? आपलं वाजवलं तर चार खालचे सूर निघतील आणि मग सगळं गप्प. ताराबाई तोंडाला पदर लावून हसतील, ते एक वेळ चालेल. बाबांचा चेहरा उतरला तर तो पाहायची तिची हिंमत नव्हती.

तिने क्लॅरिनेट जोडलं, तोंडाकडची पत्ती जिभेवर ओली केली आणि पहिल्याची धून वाजवली. सहा वर्षं शेजारी बसून ती तोंडपाठ झाली होती. एक सूर चुकला नाही. तरी दुसऱ्याची साडी नेसून लग्नाला गेल्यासारखं तिला सारखं अवघडल्यागत होत राहिलं.

"अगदी मोबाइलवानीच!" ताराबाईंनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या धानात बकऱ्या शिरल्या, आणि बकऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्या पळाल्या.

अंगणात दोघंच राहिली. डोमाजींनी टाळी वाजवली नव्हती.

"बरं वाजवलंस," ते म्हणाले. "पण हे त त्या बाजूच्याचं झालं. आता तुहं वाजव."

दामिनीने क्लॅरिनेट खाली घेतलं. "तुमाले माहीत होतं?"

"पागल झालीस का वं? तीस वर्सं बँडातल्या मारोतरावच्या मांगं उभा राहून दुसरं क्लॅरिनेट वाजवलं म्या. वरच्याच्या खाली कोण आहे, ते मले आयकू नाही येत का? पयल्या दिवशीच वळखलं तुले."

"मग लोकांना काहून ते सांगता?"

डोमाजींनी मोबाइलची काच सदऱ्याला पुसली. "लोकायले वरचंच आयकू येते, बाई. खालचं कसं दाखवाचं त्यायले? अन् पोरीचं कवतिक त कराचंच होतं न मले." मग आवाज खाली आणत म्हणाले, "माहं मी आयकतो न. रोज आयकतो. पण त्या गर्दीत तू अर्धीच हाती लागतेस."

दामिनीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. नाक ओढत ती म्हणाली, "एकटीनं वाजवलं तर ते काहीच वाटत नाही, बाबा. वाजवायचं कमी आणि थांबायचंच जास्त. किती वेळ थांबायचं ते मनात मोजत बसावं लागते."

"थांब न मंग. मोजाले मी आहो."

तिने डोळे पुसले आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं. पहिला खालचा सूर निघाला. त्याच्याखाली दुसरा, मग तिसरा, लांब. डोमाजींनी डोळे मिटले होते. मग तिचा थांबा आला आणि तिने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. अंगण शांत झालं. डोमाजींचं बोट खाटेच्या लाकडावर हळूहळू आपटत होतं. ती मनात मोजत होती, तेच ते बोटावर मोजत होते, आणि दोघांचा आकडा एकच होता.

"काहून वं, झालं का?" कुडापलीकडून ताराबाईंनी विचारलं.

"चूप!" डोळे न उघडता डोमाजी ओरडले. "अजून नऊ बाकी आहेत."